समावेशक अध्यापन (गोवा)

एकाच वर्गातील भिन्न गरजांच्या विद्यार्थ्यांनुसार पाठ, साधने व परीक्षा यांत यथोचित फेरबदल करण्याची अध्यापनपद्धती. १९७४ ची केंद्रीय एकात्मिक शिक्षण योजना, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांस मान्यता देणारा २०१६ चा अधिनियम यांनी तिला उत्तरोत्तर अधिष्ठान दिले (पहा : विशेष शिक्षण). पाळी (ता. डिचोली) व पेडणे या भागांत, जेथे घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी शाळेत दाखल होते आणि पटसंख्या अल्प असल्यास अनेक इयत्ता एकाच शिक्षकाकडे येतात, तेथे हे कौशल्य मुख्यतः प्रत्यक्ष वर्गातच संपादन करावे लागते : मंददृष्टी मुलास फळ्याजवळ बसवून ठळक अक्षरे काढणे, गणनेस चिंचोके देणे, आणि विशेष महत्त्वाचे म्हणजे वाचनात अडखळणाऱ्यास तोंडी उत्तराची मुभा देणे (पहा : बहुवर्ग अध्यापन). शिक्षकांचे तदर्थ प्रशिक्षण ही २०१६ च्या अधिनियमान्वये शासनाची जबाबदारी आहे.