चाळिशीनंतर घेतलेली बुडी

आपल्या बचत गटात एक नियम असतो. पैसे मोजले की आधी वहीत नोंद, मगच पेटीत. हाच नियम समुद्राच्या तळाशी पाळणाऱ्या एका बाईची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्लंडच्या दक्षिणेला पोर्ट्समथ बंदर आहे. तिथे १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंचांशी लढताना आठव्या हेन्री राजाचं ‘मेरी रोज’ हे जहाज बुडालं. राजा किनाऱ्यावरून पाहत होता. शत्रूनं चढू नये म्हणून जहाजावर जाळी बांधली होती. त्याच जाळीत आपली माणसं अडकली. चारशेच्या वर माणसांतली जेमतेम तीस-पस्तीस वाचली.

सव्वाचारशे वर्षांनी, १९७१ साली, गाळात जहाजाची लाकडं दिसली. संशोधनाचं काम मार्गारेट रूल या बाईंकडे होतं. पण त्यांना बुडी मारता येत नव्हती. त्या होडीवर बसायच्या आणि पाणबुडे वर येऊन सांगायचे. दुसऱ्याच्या सांगण्यावर इतिहास कसा लिहायचा? म्हणून चाळिशी ओलांडलेल्या या बाई बुडी मारायला शिकल्या. पाठीवर हवेचं नळकांडं, अंगात रबरी पोशाख, पाणी थंडगार आणि गढूळ.

तळाशी घाई चालत नव्हती. वस्तू कुठे, कशी पडली आहे याची आधी नोंद आणि मोजमाप, मगच ती उचलायची. कारण जागा कळली तरच ती वस्तू कोणाची, कशासाठी होती हे कळतं. सुमारे पाचशे स्वयंसेवक पाणबुड्यांनी अशा हजारो बुड्या मारल्या. गाळात हवा नसल्यानं लाकूड, चामडंसुद्धा टिकलं होतं. लाकडी फण्या, चपला-बूट, ताटल्या, सुताराची हत्यारं, वैद्याची औषधपेटी अशा एकोणीस हजारांवर वस्तू निघाल्या. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा उरलेला अर्धा भागही वर आला.

राजाचं नाव पुस्तकात होतंच. फणी वापरणाऱ्या खलाशाचं जगणं मात्र गाळानं जपलं आणि या नोंदींनी आपल्यापर्यंत आणलं.

आपल्याकडेही कितीजणी म्हणतात, “ताई, आता या वयात काय शिकायचं? तुम्ही सांगाल तिथं अंगठा देते.” आम्ही त्यांना रूलबाईंची गोष्ट सांगतो आणि वही त्यांच्यापुढे सरकवतो. पुढच्या बैठकीत तुम्हीही वही मागून घ्या आणि आपलं पान स्वतः वाचा.