पेढीवाल्याचे अथेन्स

अथेन्सची लोकशाही म्हणजे निव्वळ झुंडशाही, असे एके काळी इंग्लंडातील पंडित ठसक्याने सांगत. त्यांना उत्तर दिले ते लंडनच्या एका पेढीवाल्याने! जॉर्ज ग्रोटच्या ‘ग्रीसच्या इतिहासा’चे १२ खंड (१८४६–५६) मी मोठ्या चवीने वाचले. सॉक्रेटिसाला विष देणाऱ्या नगराने त्याला इतकी वर्षे बोलूही दिले, हे तो बजावतो. वकिली थोडी जास्तच म्हणा! पण तिचे मूळ पार्लमेंटात आहे. तेथे १८३३ पासून तो गुप्त मतदानाचा ठराव पुनःपुन्हा मांडी, आणि दर खेपेस तो फेटाळला जाई. जमीनदाराच्या डोळ्यांदेखत कुळाने मत द्यायचे. मग ते मत कुणाचे? १८७१ मध्ये ग्रोट वारला. गुप्त मतदानाचा कायदा झाला १८७२ मध्ये.