कॉलेजकडून खेळायचंय? मैदानाआधी पात्रतेचे नियम समजून घ्या

अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या फळीत (एनसीएए डिव्हिजन १) खेळायचं तर शाळेतल्या १६ ठरावीक विषयांत किमान २.३ ग्रेड सरासरी लागते. आपल्याकडे अशी गुणांची अट नाही. आपल्याकडे प्रश्न एकच : तुम्ही खरोखर नियमित विद्यार्थी आहात का?

नियम कोणाचे?

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागात आणि पुढे अखिल भारतीय स्पर्धेत खेळतो. या आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, घेते. पात्रतेचे नियमही तिचेच.

मुख्य अटी

• किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला पूर्णवेळ प्रवेश हवा.
• १ जुलैला वय १७ ते २५ च्या दरम्यान हवं.
• बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.
• पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही.
• एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं.

नापास झालो तर?

एटीकेटी मिळून पुढच्या वर्षात प्रवेश झाला, तर तुम्ही नियमित विद्यार्थीच असता. पण वर्ष गेलं, प्रवेश मिळाला नाही आणि घरी बसून फक्त राहिलेले पेपर देत असाल, तर त्या वर्षी विद्यापीठाकडून खेळता येत नाही. अकोट किंवा दर्यापूरच्या कबड्डीपटूची चढाई कितीही जोरात असो, नियम तोच. म्हणजे गुण थेट मोजले जात नाहीत, पण नापास होण्याची किंमत मोजावीच लागते.

एवढं काटेकोर का?

एका अपात्र खेळाडूमुळे अख्खा संघ बाद होऊ शकतो. शिवाय महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी दिलेल्या क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. आज कागदात राहिलेली चूक उद्या नोकरीच्या वेळी आडवी येऊ शकते.

म्हणून सराव सुरू करतानाच दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र घेऊन कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. नियम बदलत राहतात, त्यामुळे चालू वर्षाचेच विचारा.