अडकलेल्या पिनेचं घराणं

संगणकावर गाणं बांधायला बसलेला नवशिका पहिल्या दिवशी जे शिकतो, त्यात लूप काढणं हमखास असतं. ध्वनिमुद्रणातला दोनचार सेकंदांचा तुकडा निवडायचा, दोन्ही कडा छाटायच्या, शेवट सुरुवातीला भिडवायचा आणि तुकडा फिरत ठेवायचा. याचं मूळ विचारलं तर आपल्याकडे उत्तर तयार असतं: आवर्तन आपल्याला नवं नाही, तबल्याच्या स्वतंत्र वादनाला हार्मोनियमवर जो लेहरा धरतात तो लूप नाही तर काय? ऐकायला हे पटतं. पण लूपची वंशावळ तालापर्यंत जात नाही. तो ध्वनिमुद्रणाच्या एका बिघाडातून जन्माला आला, आणि शेवट-सुरुवात जिथे मिळतात तो सांधा बेमालूम करण्यातच त्याच्या कारागिरांची सारी हयात गेली.

तो बिघाड घरोघरी माहीत होता. रेकॉर्डवर चरा पडला की पिन अडकायची आणि गायिका एकाच शब्दाभोवती घुटमळत राहायची. हेका न सोडणाऱ्या माणसाची ‘पिन अडकली’ असं आपण म्हणतो ते त्यावरूनच. पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने १९४८ मध्ये हाच दोष मुद्दाम घडवला. तबकडी कापताना चर आत सरकू न देता त्याने तो एका फेऱ्यातच मिटवला. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे एक फेरा जेमतेम पाऊण सेकंदाचा; तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या आगगाड्यांच्या आवाजांतून त्याने एक रचना केली आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती अशाच इतर रचनांसोबत रेडिओवरून ऐकवली गेली. शेफरच्या ध्यानात आलं ते असं, की आवाज पुरेसा फिरला की त्यातली आगगाडी विरून जाते आणि उरतो नुसता नाद, त्याचा पोत, त्याचा चढउतार. ताल धरण्यासाठी त्याला लूप नको होता. आवाज त्याच्या उगमापासून सुटा करायला हवा होता.

आवर्तनाचा आक्षेप इथेच तपासून बघावा. लेहरा धरणारा तीच सुरावट शंभर वेळा वाजवतो, पण तबलजीने लय वाढवली की तोही वाढवतो, समेवर येताना किंचित वजन देतो. परत येते ती जागा. आवाज दर वेळी ताजा असतो. लूपमध्ये आवाजच परत येतो, मुद्रणात कुणी खोकलं असेल तर त्या खोकल्यासकट. इतिहासाची साक्षही याच बाजूची आहे. टेपच्या लूपवर नाव कमावलेले दोन अमेरिकन संगीतकार म्हणजे टेरी रायली आणि स्टीव्ह राइश. रायलीने चेट बेकरच्या वादनाची टेप फिरवून ‘म्युझिक फॉर द गिफ्ट’ केलं ते पॅरिसमध्ये, १९६३ साली. किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व त्याने पत्करलं ते १९७० मध्ये. राइश ढोल शिकायला घानाला गेला तोही १९७० मध्ये. त्याची ‘इट्स गोना रेन’ १९६५ ची. दोघांनी दूरदेशीचं संगीत आधी ऐकलंच नसेल असं नाही, पण शिकायला गेले ते टेपने फिरत्या सुरांची गोडी लावल्यावर. ‘इट्स गोना रेन’चा कच्चा माल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये प्रवचन करणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा आवाज होता. एकच तुकडा दोन यंत्रांवर सोडला, यंत्रांच्या वेगात केसभर फरक होता, आणि आवाज एकमेकांपासून सरकत गेले त्यातून रचना उभी राहिली. आगगाडी काय नि प्रवचन काय, ताल शोधणारा माणूस तिकडे फिरकला नसता.

टेप आली तशी चराची जागा फितीच्या वेटोळ्याने घेतली आणि कस लागला तो सांध्याचा. सरळ आडवा काप दिला तर जोडावर ‘टक्’ होतं, कारण ध्वनिलहर मधेच तुटून भलतीकडे उडी मारते. म्हणून खाचेच्या ठोकळ्यात फीत बसवून ब्लेड तिरकं चालवत. हिशेब करून बघण्यासारखा आहे. पाव इंची फीत आणि ४५ अंशांचा काप, म्हणजे सांधा ६.३५ मिलिमीटर लांबीवर पसरतो. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल तर तो सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात हेडसमोरून जातो. तेवढ्यात जुना आवाज उतरतो आणि नवा चढतो. आज लूपच्या कडेला दहावीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देतात, तो या तिरक्या कापाचाच वारस. बी जीज या बँडचं उदाहरण तर सांगायलाच हवं. १९७७ मध्ये ‘स्टेइंग अलाइव्ह’चं काम फ्रान्समध्ये चालू असताना त्यांच्या ड्रमवादकाला घरी जावं लागलं. ताल देणारं यंत्र लावून पाहिलं, जमलं नाही. मग आधीच मुद्रित झालेल्या ‘नाइट फीव्हर’मधल्या दोन बारांची टेप कापून तिचं वेटोळं केलं, माइकच्या स्टँडवरून फिरवलं आणि गाणं त्यावर चढवलं. ड्रमवादक म्हणून नाव दिलं ‘बर्नार्ड लूप’, असा कुणी नसताना!

यावर एक रास्त आक्षेप येतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने १९७३ च्या सुमारास एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून ब्रेक, म्हणजे गाण्यात नुसते ड्रम वाजतात तो तुकडा, लांबवला. त्याला ना ब्लेड लागलं, ना शेफर. हे मान्यच करायला हवं. घराण्याची ही दुसरी शाखा आहे आणि आजच्या लूपमध्ये ड्रमला जे मानाचं पान आहे ते तिच्यामुळे. पण तिथेही कसब सांध्याचंच: याच शाखेतला डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर खुणा करायचा, त्या तबकडी नेमकी कुठवर मागे आणायची हे कळावं म्हणून. दोन्ही शाखा सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, एकत्र आल्या. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा, म्हणून लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवून आत घेत आणि मग हळू करत. वेग बदलला की सूर बदलणार, हे टेपचं बंधन मात्र तसंच राहिलं.

ते सुटलं सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून काही जण खरा लूप तिथूनच धरतात. १९९४ च्या ‘रीसायकल’ने प्रत्येक आघातापाशी तुकडा पाडला, लय वाढवली की तुकडे जवळ येतात, सूर जागचा हलत नाही. पुढे १९९८ मध्ये ‘ॲसिड’ आणि २००१ मध्ये ‘एबलटन लाइव्ह’ आले आणि कुठलाही लूप गाण्याच्या लयीला ताणून बसवता येऊ लागला. बदल मोठा, यात वाद नाही. तरी सूर न बदलता वेळ ताणणारं फिरत्या हेडचं यंत्र शेफरच्या गटानेही बनवलं होतं, आणि दोन्हींची युक्ती एकच: आवाजाचे बारीक कण करायचे आणि ते एकमेकांवर चढवत न्यायचे. म्हणजे पूर्वी लूपला एक सांधा होता, आता सेकंदाला कितीतरी. फार ताणलेल्या लूपमध्ये जी थरथर ऐकू येते ती त्यांचीच.

आवाज उगमापासून सुटा झाला की वाजवणाराही सुटा होतो, हा लूपवरचा सगळ्यात जड आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. रिहानाच्या ‘अंब्रेला’चे ड्रम, २००७ साली, गॅरेजबँड या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ‘व्हिंटेज फंक किट ०३’ या तयार लूपचे आहेत. असे लूप वापरायला निदान परवानगी तरी सोबतच मिळते. द विन्स्टन्सच्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये १९६९ साली ग्रेगरी कोलमनने वाजवलेले ड्रमचे चार बार असंख्य गाण्यांत फिरले, जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार तर त्यांच्यावरच उभे राहिले, पण त्याला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे २४,००० पौंड दिले. कोलमन २००६ मध्येच वारला होता.