स्वसंवाद (व्यसनमुक्ती)

तलप आली असता मनात उठणारी वाक्ये ओळखून त्यांना जाणीवपूर्वक उत्तर देण्याची रीत. दारू, तंबाखू व इतर मादक पदार्थ सोडताना आणि सोडल्यावर पुन्हा घसरण होऊ नये यासाठी ती शिकवतात. बहुधा बोधात्मक वर्तनोपचाराचा भाग म्हणून वापरली जाते. एकटीने ती पुरेशी मानली जात नाही.

पूर्वपीठिका : फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी स्वयंसूचनेचा प्रसार केला. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबाम यांनी १९७०च्या दशकात स्वतःला सूचना देण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण मांडले. समर्थ रामदासांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून असल्याने मराठीत त्यांचा दाखला दिला जातो. उपचारपद्धतीशी त्यांचा थेट संबंध नाही.

विवेकनिष्ठ पद्धती : अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीत स्वसंवादाला खरी धार आली. घटना आणि परिणाम यांच्यामध्ये माणसाची समजूत असते, हा तिचा गाभा. मराठीत हा विचार मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनातून व प्रशिक्षणातून रुजला. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या वळणावर मन म्हणते, “आज एकच क्वार्टर, उद्यापासून बंद.” त्यावर “मी खंबीर आहे” असे घोकून फारसे निभावत नाही. “‘एकच’ म्हणून घेतलेली किती वेळा एकावर थांबली?” असे विचारावे लागते. तसेच “सहनच होत नाही” या वाक्याला “कालही असेच वाटले होते, न घेता रात्र निघालीच ना?” हे उत्तर. थोडक्यात, हा स्तुतिपाठ नव्हे, उलटतपासणी आहे. एलिसपंथीयांचा भर ‘हवेच’ या हट्टाचे ‘हवेसे वाटते’ या इच्छेत रूपांतर करण्यावर असतो.

घसरणीनंतर : मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी तलपेला लाटेची उपमा दिली : ती चढते, माथ्याला जाते आणि ओसरते, तोवर तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्याकडे पाहत राहायचे. मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांच्या १९८५च्या ग्रंथात घसरणीनंतरच्या मनःस्थितीची चिकित्सा आहे. एक घोट गेला की “आता बाटलीच संपवू” हा विचार येतो. या क्षणी बोललेले वाक्य कदाचित सर्वांत मोलाचे.

स्वमदत गट : १९३५मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने ‘फक्त आजचा दिवस’ हे स्वतःला सांगायचे सूत्र रूढ केले. महाराष्ट्रातील मुक्तांगण (पुणे, १९८६) हे व्यसनमुक्ती केंद्र प्रसिद्ध आहे.

परिणामकारकता : निष्कर्ष एकसारखे नाहीत. जोआन वुड व सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगात, स्वतःविषयी आधीच कमी आदर असलेल्यांना स्तुतिवाक्ये घोकल्यावर उलट अधिक वाईट वाटले. विचार दडपू गेल्यास तो उसळून येतो, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये दाखवले. ‘मला चालत नाही’पेक्षा ‘मी घेत नाही’ म्हणणे सरस, या मताला २०१२च्या एका अभ्यासाचा आधार देतात. तो मुख्यतः खाण्याच्या मोहाविषयी होता.

मोबाइल व ऑनलाइन जुगार : या व्यसनांनाही हीच तत्त्वे लावली जातात.

मर्यादा : दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास झटके, भ्रम व कंप उद्‌भवू शकतात, प्रसंगी जीवही जातो. तेथे वैद्यकीय देखरेख व औषधे आवश्यक असतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा : १८००-११-२३५६.