पहिला पेला कोणाच्या हातून?

माउली, गावातले सोळा-सतरा वर्षांचे पोर पिऊन घरी आले, की पारावरची मंडळी म्हणतात, 'कलियुग हो, कलियुग!' मीही कीर्तनात कैक वर्षे हेच सांगत आलो. आज सत्तरी उलटल्यावर वाटते, दोष युगावर ढकलणे फार सोपे आहे. थोडे मागे वळून पाहू.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारचा ताबा बसला. दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब ठरली. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. दुकान दाराशी आले की घर बुडते, हे जाणत्यांना तेव्हाही कळत होते.

पण दुकानाच्या अलीकडे घराचा उंबरठा असतो. इलाख्याबाहेर, वऱ्हाडातल्या शेंडगावात १८७६ साली झिंगराजी आणि सखूबाईंच्या पोटी देबूजी जन्मला. झिंगराजी दारूपायी गेले. पोर लहानच होते. आई त्याला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. पुढे देबूजीला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, असा रिवाज. देबूजीने तो मोडला आणि पंगतीला गोडाचे जेवण वाढले. हेच आपले गाडगेबाबा. हातात झाडू घेऊन, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांनी जन्मभर दारूवर घाव घातले. पण पहिला घाव स्वतःच्या घरातल्या पंगतीवर होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आजही आपल्या राज्यात कडक दारूसाठी २५ आणि बिअरसाठी २१ वर्षे पूर्ण लागतात. गावच्या मायबहिणींनी मतदानात बाटली आडवी केली, तर दुकानही बंद होते. हे सारे चांगलेच आहे. पण घरच्या फडताळात ठेवलेल्या बाटलीला कोणता परवाना विचाराल?

आता माझी चूक सांगतो. एका सप्ताहात माझ्या मागे टाळ धरणारा सतरा वर्षांचा मुलगा पिऊन आला. मी भर कीर्तनात त्याचे नाव घेऊन त्याला झोडपले. लोक हसले. पोर खाली मान घालून निघून गेले, ते पुन्हा मंडपात आले नाही. मागाहून कळले, की चुलत्याच्या लग्नाच्या वरातीत घरच्याच माणसांनी 'आता मोठा झालास' म्हणून त्याच्या हाती पेला दिला होता. दहावीनंतर शाळा सुटलेली, हाताला काम नाही, सोबती पिणारे, बाप पिणारा. मी झोडपले पोराला. पेला देणारे पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होते.

म्हणून माउली, पोराच्या गळ्यात तुळशीची माळ घालण्याआधी आपल्या घरची वरात, कंदुरी आणि निवडणुकीतली जेवणे तपासा. आणि घसरलेले पोर दिसले, तर त्याला चारचौघांत लाजवू नका. दिंडीत शेजारी घ्या, हाती टाळ द्या. मला ते त्या दिवशी सुचले नाही.

रामकृष्ण हरी.