बारावी आर्ट्सनंतर अर्थशास्त्र: विषय घ्या, पण गणित सोडू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की खाप्यातले पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, मुलीने आर्ट्स घेतलंय, आता पुढे काय?" विषय विचारले तर उर्दू, मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र. हे अर्थशास्त्र बहुतेक वेळा यादी पूर्ण करायला घेतलेलं असतं. खरं तर आर्ट्सच्या मुलांना सर्वात जास्त दारं उघडून देणारा हा विषय आहे. अट एकच: सोबत गणित किंवा सांख्यिकी हवी.

हा विषय आहे तरी काय?

आपल्याच भागात पाहा. हातमागावर विणलेली साडी यंत्रमागाच्या कापडापुढे का टिकत नाही? संत्र्याला बागेत एक भाव आणि कळमन्याच्या बाजारात दुसरा, असं का? गुमगावच्या खाणीतून मँगनीज निघतं, पण गावातल्या किती घरांना त्यातून रोजगार मिळतो? अशा प्रश्नांची आकड्यांसह उत्तरं शोधणं म्हणजे अर्थशास्त्र.

काही घरांत शंका असते की अर्थशास्त्र म्हणजे बँक आणि बँक म्हणजे व्याज. बँकेत नोकरी करायची की नाही, हे प्रत्येक घराने आपापल्या समजुतीने ठरवावं. पण विषय तेवढ्यापुरता नाही. त्यात मजुरी, शेती, कर, शिक्षण, आरोग्य, गरिबी हे सगळं येतं.

आपल्याला याची गरज का?

मुस्लिम समाजाच्या स्थितीवर बोलताना आपण सच्चर समितीचा दाखला देतो. 2006 च्या त्या अहवालाचं बळ भाषणात नव्हतं, जनगणना आणि सरकारी पाहणीच्या आकड्यांत होतं. समितीचे सदस्य-सचिव डॉ. अबूसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ. विदर्भाचा अनुशेषही असाच, 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीने मोजून दाखवला. डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये 1923 साली डीएससी मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ नागपुरातच वाढले. आपल्या वस्तीचे आकडे वाचणारी आणि मांडणारी मुलं आपल्या घरातूनही निघायला हवीत.

शिक्षणाचा रस्ता

- अकरावी-बारावी: महाराष्ट्र बोर्डात आर्ट्सलाही गणित घेता येतं. प्रवेशाआधी कॉलेजात तो विषय शिकवतात का, हे विचारून घ्या.
- पदवी: तीन वर्षांची बीए, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स. मेजर अर्थशास्त्र ठेवा. कॉलेजात सोय असेल तर मायनर सांख्यिकी किंवा गणित घ्या.
- एमए: नागपूर विद्यापीठ जवळचं. तयारी चांगली असेल तर पुण्याची गोखले संस्था (स्थापना 1930) किंवा रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये मुंबईत गोरेगावला उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. घर सोडणं शक्य नसलेल्या मुलींसाठी इग्नूचं एमए आहे.

नोकऱ्या कुठे?

- भारतीय आर्थिक सेवा: यूपीएससीची वेगळी परीक्षा. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. वय 21 ते 30, ओबीसींना तीन वर्षांची सूट. पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात.
- कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी: एसएससीच्या सीजीएल परीक्षेतून. बारावीला गणितात 60 टक्के किंवा पदवीला सांख्यिकी हा विषय हवा. गणित सोडलेल्या मुलांचं दार इथेच बंद होतं.
- राज्य सरकार: अर्थ व सांख्यिकी संचालनालय. त्याची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.
- रिझर्व्ह बँक: ग्रेड बी अधिकाऱ्यांमध्ये अर्थशास्त्राच्या एमएवाल्यांसाठी संशोधन विभागाच्या वेगळ्या जागा असतात.
- अध्यापन: ज्युनिअर कॉलेजसाठी एमए-बीएड, सिनिअर कॉलेजसाठी एमएला 55 टक्के आणि नेट किंवा सेट.
- खासगी क्षेत्र: संशोधन संस्था, सर्व्हे कंपन्या, स्वयंसेवी संस्था, डेटाचं काम. इथे एक्सेलसोबत आर किंवा पायथॉन येत असेल तर फरक पडतो.

आमचा अनुभव

आमची एक विद्यार्थिनी बीएला अर्थशास्त्रात वर्गात पहिली आली. सीजीएलचा फॉर्म भरायला बसली तेव्हा कळलं की सांख्यिकी अधिकाऱ्याच्या पदाला ती पात्रच नाही. बारावीला गणित नव्हतं, पदवीला सांख्यिकी नव्हती. हुशारी होती, मेहनत होती, फक्त सोळाव्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. त्यात चूक तिची नव्हती, आम्हा शिक्षकांचीच होती. म्हणून हा लेख.

पालकांनो, एवढं करा

अकरावीचा फॉर्म भरण्याआधी विषयांचा विचार करा. गणित सुटलंच असेल तर पदवीला सांख्यिकी मिळेल असं कॉलेज शोधा. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी रोज इंग्रजी पेपरातलं एक आर्थिक पान वाचावं, सुरुवातीला डिक्शनरी घेऊन का होईना. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल प्रवेशाच्या वेळीच पाहा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. आपली बिरादरी ओबीसीत असेल तर नॉन-क्रिमिलेयर वेळेत काढा. केंद्राच्या परीक्षांसाठी ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. वयाच्या आणि गुणांच्या अटी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी ताजी जाहिरात वाचूनच फॉर्म भरा.

आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलीला "तुझ्याने होणार नाही" असं म्हणू नका. दोन वर्षं रोज तासभर बसली तर होतं, आम्ही वर्गात पाहिलं आहे.